अर्गज्याला थेंब नसतात

मी प्रुफं तपासते. मागच्या महिन्यात एका ऐतिहासिक कादंबरीच्या प्रुफात वाक्य आलं, ‘तिने मनगटावर अर्गज्याचे दोन थेंब टाकले.’ मी समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘अर्गजा माखतात.’ लगेच लेखकाचा फोन. म्हणाले, “अहो ताई, कोशात सुगंधी द्रव्य असंच दिलंय की!” दिलंय खरं. त्या ‘द्रव्य’ शब्दानेच सगळा घोटाळा केलाय. द्रव्य म्हणजे पदार्थ, तो पातळच असतो असं नाही.

अर्गजा, किंवा अरगजा, हा चंदन उगाळून त्यात बाकीचे सुवास कालवून केलेला पिवळसर लेप. सूरदासाच्या पदात ‘खर को कहा अरगजा लेपन’ असं येतं. गाढवाला अर्गजा माखून काय उपयोग! तेव्हा शब्द वापरताना आधी क्रियापद बघा. माखणे, चर्चिणे, उटी देणे चालेल. फाया कानात ठेवायचा तो अत्तराचा. शब्द पुल्लिंगी: तो अर्गजा, अर्गज्याची वाटी. आणि अबिराशी गल्लत नको, अबीर कोरडा असतो.

‘आईने अकबरी’त अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने याची कृतीच दिली आहे. चंदन, थोडा चोवा म्हणजे अगराच्या सुगंधी लाकडाचा अर्क, कापूर, गहुला नावाचं बी, वर 11 बाटल्या गुलाबपाणी. आणखीही एकदोन जिन्नस आहेत. गहुला वाचून मी थबकले. नावावरून तरी तो आपल्या दिवाळीच्या उटण्यातला गव्हला, कचोऱ्याच्या जोडीने येणारा.

चोव्याची रीत तर बघण्यासारखी. अगराचे बारीक तुकडे अरुंद तोंडाच्या भांड्यात भरायचे, भांड्याला बाहेरून माती लिंपायची, मग ते उलटं टांगून भोवती गोवऱ्यांची मंद आच द्यायची. खाली पाण्याचं भांडं. लाकडातला अर्क ठिबकत त्यात उतरतो. घरी हा उद्योग करू नका. अगराच्या अत्तराचा एक थेंब घ्या, तोही महाग पडतो.

घरचा अर्गजा मी असा करते. केशराच्या चार काड्या चमचाभर गुलाबपाण्यात तासभर भिजवायच्या. सहाण आधी गुलाबपाण्याने ओली करायची आणि चंदनाचं खोड गोल फिरवत उगाळायचं. पाणी थेंबाथेंबाने घाला, नाहीतर गंध वाहून कडेला जातं. पंधरा मिनिटं उगाळल्यावर कुठे चमचाभर जमतं, हात भरून येतो. बोट ओढल्यावर मागे रेघ टिकली की दाटपणा बरोबर. मग केशराचं पाणी, चिमटीच्या टोकावर येईल एवढाच भीमसेनी कापूर, आणि शेवटी तो अगराचा थेंब. कापूर पाण्यात विरघळत नाही, गंधातच बोटाने चुरडून घ्यावा लागतो.

पहिल्या खेपेला मी देवापुढची कापराची अख्खी वडी घातली होती. मान तासभर चुरचुरत होती आणि अंगाला आरतीचा वास! ती वडी अंगाला लावायची नसतेच. लहान मुलांना कापराचा लेप लावूच नका, मोठ्यांनीही आधी कोपराच्या आत लावून बघा. गळा, मानेची मागची बाजू, दंड एवढं पुरे. सुकला की पापुद्रे पडतात आणि पांढऱ्या कपड्यावर केशराचा डाग बसतो, म्हणून जुनी साडी नेसून बसते. बाजारात ‘अर्गजा’ लिहिलेली तेलाची कुपीही मिळते. मी एकदा घेतली होती. वास छान होता, पण गारवा कुठला?

गारवा हेच तर याचं काम. अबुल फजलही सांगतो, उन्हाळ्यात कातडी थंड राहावी म्हणून अर्गजा. पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठ्ठलाला चंदनाची उटी लावतात, तीही उन्हाचा ताप होऊ नये म्हणूनच.

लेखकमहाशयांनी शेवटी वाक्य बदललं: ‘दासीने तिच्या गळ्याला, दंडांना अर्गजा माखला.’ भाषा झकास. मी दोन पानं मागे जाऊन बघितलं तर प्रसंग पौषातला, बाहेर शेकोटी पेटलेली. पुन्हा पेन्सिलीला टोक काढलं.