बडोद्यात बसून चक्रीवादळं शिकताना

एम. एस. युनिव्हर्सिटीतून फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून मी चक्रीवादळांच्या मागे लागलो, तेव्हा दांडिया बाजारातले काका म्हणाले, "अरे, बडोद्याला समुद्र तरी कुठाय?" नाहीये. पण नोंदी सगळ्यांना खुल्या आहेत आणि सुरुवातीला साधा लॅपटॉप पुरतो.

24 तासांत वाऱ्याचा वेग किमान 30 नॉटनं, म्हणजे ताशी साधारण 55 किलोमीटरनं वाढला, की वादळ झपाट्यानं तीव्र झालं असं धरतात. 2023 मध्ये ओटिस नावाचं वादळ एका दिवसाच्या आत थेट पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत पोचलं आणि मेक्सिकोतल्या अकापुल्कोवर आदळलं. वादळ कुठे जाणार हे आता बरंच आधी कळतं. किती बळावणार, इथे घोडं अडतं. खोलवर गरम पाणी, मधल्या थरात ओल, खालच्या-वरच्या वाऱ्यांत कमी फरक, ही यादी कुठल्याही पुस्तकात सापडेल. पण हे सगळं जुळूनही काही वादळं ढिम्म राहतात, कारण बरंचसं ठरतं ते वादळाच्या डोळ्याभोवतीच्या, म्हणजे शांत केंद्राभोवतीच्या ढगांच्या भिंतीत.

वादळ झपाट्यानं बळावणार की नाही हे ओळखायला नवी मुलं पहिल्याच आठवड्यात मशीन लर्निंगला हात घालतात आणि 95 टक्के अचूकता आली म्हणून खूश होतात. ही घटना मुळातच दुर्मिळ आहे हो! कायम 'नाही' म्हणणारा प्रोग्रामही तेवढे मार्क मिळवेल. खरी वाढ किती वेळा पकडली आणि खोटी हाकाटी किती वेळा झाली, ते मोजा.

त्याहून महत्त्वाचं, वाऱ्याच्या वेगाचा आकडा आला कुठून ते आधी शिका. आपल्या समुद्रांत वादळात विमान पाठवून मोजणी सहसा होत नाही. उपग्रहाच्या चित्रातली ढगांची ठेवण बघून ड्वोरॅक पद्धतीनं वादळाला तीव्रतेचा एक क्रमांक देतात आणि त्यावरून वेगाचा अंदाज बांधतात. तिथे 4.5 चा 5 झाला की 77 नॉटचे 90 होतात. म्हणजे विश्लेषकाच्या अर्ध्या पायरीत 13 नॉट! त्यात भारतीय हवामान विभाग वाऱ्याची 3 मिनिटांची सरासरी घेतो, अमेरिकन संस्था 1 मिनिटाची, आणि ती जास्त भरते. दोन्ही रकाने एकत्र केलेत तर वादळ कागदावरच बळावेल.

म्हणून आधी एकच वादळ घ्या. मी मे 2021 चं तौक्ते सुचवेन, ते दीव-उनाजवळ गुजरातच्या किनाऱ्यावर आलं होतं. त्याचा वेग हातानं आलेखावर मांडा, शेजारी इन्सॅट उपग्रहाची चित्रं लावा, डोळा कधी दिसू लागला ते टिपा. कोडिंग नंतर. पुढे पीएच.डी. करायची तर नेट किंवा गेट परीक्षेची तयारी सोबत ठेवा. पुण्याची आयआयटीएम (हवामानावर संशोधन करणारी संस्था) आणि अहमदाबादचं सॅक (इस्रोचं केंद्र), दोन्हीकडच्या जाहिरातींवर नजर असू द्या. अहमदाबाद तर सकाळच्या गाडीनं जाऊन रात्री घरी जेवायला येण्याएवढं जवळ आहे.