डोंगरी गवतकाप: घटस्थापनेपासून संक्रांतीपर्यंतची कामं

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी, भुदरगड या पट्ट्यात डोंगरावरचं गवत आता निसवतंय. शेडा, पवना, मारवेल यांचे निम्मे तुरे बाहेर आले की विळा लावा. दिवाळी उलटून माळ पिवळा पडेपर्यंत थांबलात तर भारे जास्त भरतील, पण त्यातली प्रथिनं उतरलेली असतील. कुसळीला तर आणखी घाई हवी. कुसळं टणक झाली की ती जनावराच्या तोंडात रुततात, मेंढरांच्या कातड्यात शिरतात. कापताना बुडखा चार बोटं तरी उंच राहू द्या. पुढच्या वर्षीचा फुटवा तिथूनच येतो.

गेल्या काही वर्षांत पाऊस कसा पडतो ते आपण बघतोय. मध्येच मोठी उघडीप, मग चार दिवसांत ओढे फुटतील असा मारा. २०१९ आणि २०२१ चा महापूर खालच्या गावांना आठवतो. वर डोंगरावर त्याच पावसानं माती किती नेली, याची मोजदाद कोण ठेवतो? जुन्या गवताची बहुवर्षायू मुळी हे दोन्ही सोसते, पाण्याचा मारा आणि ताणही. इंग्लंडमध्ये बक्स्टनजवळ एका जुन्या, हलक्या जमिनीच्या कुरणावर १९९३ पासून प्रयोग झाला. काही तुकड्यांत हिवाळ्यात जमीन तापवली, काहींचा उन्हाळी पाऊस अडवला. तरी तिथली झाडोऱ्याची घडण फार सावकाश बदलली. तिथलं हवामान थंड, आपलं वेगळं. पण जुनं कुरण सहजी मोडत नाही, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. जेसीबीनं मात्र ते एका दिवसात मोडतं. चढाचा पड, म्हणजे न नांगरलेली गवताळ जमीन, फोडून ऊस किंवा काजू लावायचा बेत असेल तर निदान निम्मा पड तसाच ठेवा. मसाईच्या पठारासारख्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळावर, तर झाडं लावायला खड्डेच काढू नयेत. तिथली माती वीतभरही नसते. तो सडा गवताचा आणि पावसाळी फुलांचा, तिथलं वृक्षारोपण फोटोपुरतं.

हवेतला कार्बन डायऑक्साइड कारखानदारीच्या आधी दशलक्ष भागांत २८० च्या आसपास होता, आता ४२० च्या वर गेलाय. आपली डोंगरी गवतं ऊस-जोंधळ्याच्या गोतातली. त्यांना या वाढीव वायूचा फायदा कमी, झुडपांना जास्त. घाणेरी आणि रानमोडी पसरायला चराई, वणवे अशी इतरही कारणं आहेत, पण वारं त्यांच्या बाजूनं आहे. म्हणून जमिनीत ओल असेपर्यंत, म्हणजे आत्ताच, रानमोडी मुळासकट उपटा. थंडीत ती फुलते, नंतर बी वाऱ्यावर उडतं; मग कितीही तोडा.

कापणी आटोपली की जाळपट्टा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा. हद्दीला आणि वाटेच्या कडेला दहा-बारा फुटांचा पट्टा संक्रांतीच्या आत साफ करा. शिमग्यापर्यंत थांबू नका. ‘डोंगर पेटवला की कोवळं फुटतं’ हे खरं, महिनाभरापुरतं. पण नत्र धुरात जातं, माती उघडी पडते, आणि दरवर्षीच्या जाळानं शेडा-पवना हटून कुसळी माजते.

ऊसतोडीच्या हंगामात वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळतं म्हणून गंजी रचायची टाळू नका. नुसत्या वाड्यावर म्हैस ठेवली तर त्यातल्या ऑक्झलेट नावाच्या क्षारामुळे तिच्या अंगातला चुना (कॅल्शियम) कमी पडतो, दुभत्या म्हशीला ते महागात जातं. वाळलं गवत मिसळा, खनिज मिश्रण द्या. गंजी दगडी ओट्यावर, आणि गवत हातात मोडलं की कडकन तुटेल इतकं वाळल्यावरच. ओलं रचलं तर आत तापतं, बुरशी धरते.

शेवटचं काम बियाण्याचं. पडाचा एक चांगला कोपरा न कापता राखा, बी पिकलं की हातानं ओरबाडून कापडी पिशवीत ठेवा. पवन्याचं ताजं बी नीट उगवत नाही, पावसाळ्यापर्यंत मुरलेलं उगवतं. जूनमध्ये उघड्या पडलेल्या जागी ते मातीत कालवून फेका, वरून काट्याची फांदी ओढा. खोल गाडू नका, आणि पहिलं वर्ष त्या तुकड्यात जनावर सोडू नका.