गावात इंटरनेटचा अभ्यास, सोबत परदेशी विद्यापीठ: या चुका टाळा

"आजी, तुम्ही इंटरनेट वापरता का?"

"नाई बापा, मले कुठं येते ते!"

आमच्या विद्यार्थिनीने 'नाही'वर खूण केली. ती उठून चपला घालेपर्यंत आजींनी नातवाकडून यूट्यूबवर कीर्तन लावून घेतलं होतं. कागदावरचं 'नाही' मात्र तसंच राहिलं आणि सातासमुद्रापारच्या तक्त्यात जाऊन बसलं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवतो. इंटरनेटमुळे समाज कसा बदलतो, हे अनेक देशांत एकाच वेळी तपासणाऱ्या प्रकल्पांत गावातलं काम आमच्यासारख्यांच्या वाट्याला येतं. १९९९ मध्ये कॅलिफोर्निया, सिंगापूर आणि मिलानच्या संशोधकांनी मिळून सुरू केलेला 'वर्ल्ड इंटरनेट प्रोजेक्ट' याच धाटणीचा. सगळ्या देशांत काही प्रश्न सारखेच विचारायचे, म्हणजे तुलना करता येते. घोटाळाही तिथूनच सुरू होतो.

'इंटरनेट' हा शब्द गृहीत धरणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आमच्याकडे 'नेट' म्हणजे रिचार्ज, 'नेट संपलं' म्हणजे पॅक संपला. व्हॉट्सअ‍ॅप हे व्हॉट्सअ‍ॅप असतं, ते इंटरनेट नसतं. इंडोनेशियातही संशोधकांना हेच दिसलं होतं: फेसबुक वापरतो म्हणणारे लोक इंटरनेट वापरत नाही असं सांगत होते.

परदेशी भागीदार म्हणतात, उलट भाषांतर करून तपासा. म्हणजे इंग्रजीचं मराठी करा, दुसऱ्याकडून त्याचं परत इंग्रजी करून घ्या. 'समाजमाध्यमे' हा शब्द ही परीक्षा पैकीच्या पैकी गुणांनी पास होतो, पण पारावर तो कोणाच्या तोंडी नसतो. त्यापेक्षा दहा-बारा जणांना प्रश्न विचारून झाल्यावर विचारा, "मी काय विचारलं, ते तुमच्या शब्दांत सांगा." तिथे सगळं उघडं पडतं.

मूळ प्रश्न काढू नका, नाहीतर तुलना मोडते. तो तसाच ठेवा आणि पाठोपाठ विचारा: काल मोबाइलवर काय पाहिलं? कोणाच्या मोबाइलवर? लावून कोणी दिलं?

हा 'कोणाच्या' फार महत्त्वाचा. ई-पीक पाहणी घ्या, म्हणजे पिकाची मोबाइल अ‍ॅपवर करायची नोंद. कास्तकार वावरात उभा, फोन पुतण्याचा, फोटो पुतण्याने काढला, नोंद कास्तकाराच्या नावावर. मग इंटरनेट वापरलं कोणी? एक माणूस, एक फोन असा हिशोब धरणाऱ्या फॉर्ममध्ये याला रकानाच नसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागातल्या २४.६ टक्के स्त्रियांनी आणि ४८.७ टक्के पुरुषांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. दरी खरीच आहे. पण नवरा किंवा सासू शेजारी बसलेली असताना बाई काय उत्तर देते, हे ज्याने घरोघरी फॉर्म भरलेत त्याला विचारा.

आणि मराठी प्रश्नावली झाली म्हणजे विदर्भ झाला, असं नाही. पश्चिमेला वऱ्हाडी, पूर्वेला झाडीबोली, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया. मेळघाटातली कोरकू तर मुंडा कुळातली, मराठीशी तिचं नातंच नाही. 'डिजिटल गाव' म्हणून तिथल्याच हरिसालचं नाव गाजलं, त्यामुळे पाहुण्यांना आधी तिथंच जायचं असतं. जा, पण कोरकू बोलणारा सोबती घेऊन जा. आणि शेजारचं एखादं बिननावाचं गावही घ्या.

त्यांच्या सुट्टीत आपला सर्वे

युरोपातली उन्हाळी सुट्टी म्हणजे आपली पेरणी आणि निंदण. दिवाळीच्या पुढे-मागे कापसाची वेचणी, तेव्हा बाया दिवसभर वावरात. गडचिरोलीकडे मार्च-एप्रिलात मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता. अशा वेळी दुपारी गावात गेलात तर पारावरचे पुरुष तेवढे भेटतील आणि अहवालात 'ग्रामीण भागाचं मत' म्हणून तेच छापलं जाईल.

मीटिंगच्या वेळेचंही पाहा. कॅलिफोर्नियात सकाळचे ९ म्हणजे आपले उन्हाळ्यात रात्रीचे ९:३० आणि हिवाळ्यात १०:३०. त्यांचं घड्याळ बदललं की आपलं कोणीतरी तासभर ताटकळतं. बहुतेक वेळा मीच.

पैसा आणि परवानगी शेवटी पाहणे

विदेशी योगदान कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते, ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर नेता येत नाही. नागपूरच्या मोठ्या संस्थेने पैसे घ्यायचे आणि तालुक्यातल्या छोट्या संस्थेला द्यायचे, ही जुनी पद्धत बंद झाली. प्रस्ताव लिहिण्याआधीच सीएला गाठा. अभ्यास आरोग्याला भिडत असेल, समजा मोबाइल आणि झोप, तर आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडच्या छाननी समितीची मान्यता लागते. पाहुण्यांना टुरिस्ट व्हिसावर सर्वे करू देऊ नका.

संमती आणि नावं

युरोपच्या नियमांत ऑनलाइन सेवांसाठी मुलांच्या संमतीचं वय १६ आहे आणि एखादा देश ते १३ पर्यंत खाली आणू शकतो. आपल्या २०२३ च्या डेटा कायद्यात १८ पूर्ण होईपर्यंत मूलच. त्यामुळे त्यांचा संमतीचा कागद अकरावीच्या वर्गात जसाच्या तसा वाटू नका, पालकांना विचारा.

गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा स्क्रीनशॉट एकाने दिला म्हणून बाकी सगळ्यांची परवानगी मिळत नाही. नाव झाकूनही भागत नाही. "विधवा सरपंच, मुलगा पुण्यात" एवढं लिहिलं तरी तालुका ओळखतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या 'व्हाय वी पोस्ट' प्रकल्पात नऊ संशोधक नऊ ठिकाणी प्रत्येकी १५ महिने राहिले. त्यातल्या तामिळनाडूच्या ठिकाणाला टोपणनाव दिलं होतं. आपणही निदान तेवढं करावं.

आधीच बिघडलं असेल तर

अर्धे फॉर्म भरून झाल्यावर चूक लक्षात आली तर गुपचूप प्रश्न बदलू नका. कोणत्या तारखेपासून कोणते शब्द वापरले, ते लिहून ठेवा आणि भागीदारांना त्याच दिवशी कळवा. जुन्यांपैकी काही घरी परत जाऊन दोन्ही प्रश्न विचारा, म्हणजे किती फरक पडतो ते आकड्यात दिसेल. आम्ही असे परत गेलो तेव्हा आजींनी फॉर्म भरणाऱ्या पोरीला विचारलं, "तुहं नाव हाये का त्या पुस्तकात?" नव्हतं. अहवालाच्या लेखकांत कोणाची नावं येणार, हे पहिल्या मीटिंगला लिहून घ्यायचं राहून गेलं होतं.