ईसीसी मेमरी घेताना आणि वापरताना या चुका टाळा

ईसीसी म्हणजे डेटातली चूक ओळखून दुरुस्त करणारी मेमरी. त्यासाठी 64 बिट डेटामागे 8 चेक बिट, म्हणजे चूक पकडायचे जादा बिट, लागतात: साडेबारा टक्के जादा मेमरी. मग ती परभणीतली पतसंस्था असो की लातूरच्या क्लासचा परीक्षा सर्व्हर, कोटेशनवर पहिली कात्री इथेच लागते. बिघाड कोणता सोसायचा, एखादा बिट उलटण्याचा की अख्खी चिप जाण्याचा, हे कुणी विचारत नाही. खरं तर टक्का त्यावरून ठरवायचा असतो.

टक्का सारखा म्हणून भरवसाही सारखा समजणे

सर्व्हरच्या रॅमवरचं लेबल वाचा. डीडीआर4 मध्ये ‘1आरएक्स8’ लिहिलेल्या ईसीसी मॉड्यूलवर (रॅमच्या पट्टीवर) 9 चिपा असतात आणि प्रत्येक चिप एका वेळी 8 बिट देते. ‘एक्स4’ मॉड्यूलवर एका रँकला (एकत्र चालणाऱ्या चिपांच्या संचाला) 18 चिपा असतात आणि प्रत्येक चिप 4 बिट देते. दोन्हीकडे रुंदी 72 बिट आणि जादा खर्च 12.5 टक्केच. पण एक्स8 ची एक चिप गेली की एकदम 8 बिट बिघडू शकतात. एक बिट दुरुस्त करणाऱ्या आणि दोन बिटांची चूक फक्त ओळखणाऱ्या साध्या कोडला ते झेपत नाही. एक्स4 मॉड्यूल आणि चिपकिल, म्हणजे अख्ख्या चिपेची चूक दुरुस्त करणं, जमणारा मेमरी कंट्रोलर असेल, तर अख्खी चिप मेली तरी मशीन चालू राहतं. त्याच टक्क्यात हे मिळत असेल तर सोडू नका.

मिररिंगमध्ये, म्हणजे तोच डेटा दोन जागी ठेवण्यात, 128 जीबी बसवून 64 जीबीच हाती लागते. तालुका पातळीवरच्या ऑफिसला हे परवडणारं नाही आणि गरजेचंही नाही. तेच पैसे बॅकअप आणि यूपीएसवर घाला.

चेक बिट वाचवायला मोठा ब्लॉक घेणे

ही चूक वाळूज-शेंद्र्याच्या एमआयडीसीत कंट्रोलर बोर्डावर काम करणाऱ्यांसाठी. ब्लॉक म्हणजे एका संचातल्या चेक बिटांनी राखलेला डेटा. एक बिट दुरुस्त करणाऱ्या त्याच साध्या कोडला 8 बिट डेटामागे 5 चेक बिट लागतात, 32 मागे 7, 64 मागे 8, 128 मागे 9 आणि 256 मागे 10. म्हणजे खर्च 62.5 टक्क्यांवरून चाराच्याही खाली येतो. भुरळ पडणारच. पण दुरुस्ती प्रत्येक ब्लॉकमागे एकाच बिटाची होते. ब्लॉक जितका रुंद, तितकी त्यात दोन चुका एकत्र पडण्याची शक्यता जास्त.

दुसरा खर्च वेळेचा. 256 बिटांच्या ब्लॉकमध्ये एक बाइट बदलायची तर आधी सगळ्या 32 बाइट वाचायच्या, तपासायच्या, त्यात नवी बाइट घालायची, चेक बिट पुन्हा काढायचे आणि मग लिहायचं. फ्लॅशमध्ये तर हेही जमत नाही. इरेज न करता, म्हणजे आधीचं न पुसता, त्याच शब्दावर (ब्लॉकवर) दुसऱ्यांदा लिहिलं की दोन वेळचे चेक बिट एकमेकांत मिसळतात, पुढच्या वाचनाला दोन बिटांची एरर येते आणि दोष चिपेवर ढकलला जातो. म्हणून सेटिंगची प्रत्येक नोंद 32 बाइटांच्या पटीत भरून एकदाच लिहा.

ईसीसी असलेल्या रॅममध्ये वीज आल्यावर डेटा आणि चेक बिट दोन्ही अडगळ असतात. स्टार्टअप कोडमध्ये सगळी रॅम पूर्ण शब्दाच्या रुंदीने एकदा लिहून घ्या, वाचन त्यानंतर.

‘डीडीआर5 मध्ये ईसीसी असतंच’ यावर विसंबणे

दुकानात हे हमखास ऐकायला मिळतं. चिपेच्या आत 128 बिटांमागे 8 चेक बिट असतात हे खरं आहे, पण ते चिपेच्या आतल्या पेशींपुरतेच. चिप ते प्रोसेसर या तारांवरची चूक या आतल्या ईसीसीला दिसत नाही आणि आत काय दुरुस्त झालं हे ते ऑपरेटिंग सिस्टिमला नेहमीच्या एररसारखं कळवतही नाही. खऱ्या ईसीसी मॉड्यूलमध्ये 32 बिटांच्या दोन्ही सबचॅनेलना (डेटाच्या स्वतंत्र वाटांना) वेगळे चेक बिट मिळतात: 8-8 दिले तर रुंदी 80 बिट आणि खर्च 25 टक्के, 4-4 दिले तर 72 बिट आणि 12.5 टक्के. बोर्डाला कोणतं चालतं ते घेण्याआधी पाहा.

रॅम ईसीसीची, पण ईसीसी बंद

साध्या डेस्कटॉप बोर्डावर ईसीसीची अनबफर्ड रॅम (मधे रजिस्टर चिप नसलेली) बऱ्याचदा निमूट चालते, फक्त दुरुस्ती होत नाही. इंटेलच्या बाराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरला त्यासाठी डब्ल्यू680 चिपसेट लागतो. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये बोर्डावर अवलंबून असतं. लिनक्सवर डीएमआयडीकोड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या कमांडने मेमरीचा भाग पाहा. टोटल विड्थ 72 आणि डेटा विड्थ 64 दिसली तर जादा चिपा आहेत एवढंच कळतं. एडॅकचा (लिनक्समध्ये मेमरीच्या चुका नोंदवणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर चढून मेमरी कंट्रोलर दिसतोय का, हे पाहिल्याशिवाय पास करू नका. रजिस्टर्ड आणि अनबफर्ड मॉड्यूल एका बोर्डात मिसळू नका.

दुरुस्त झालेल्या एररकडे काणाडोळा

2009 साली गूगलच्या सर्व्हरवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात 8 टक्क्यांहून जास्त मॉड्यूलवर दुरुस्त होणाऱ्या एरर दिसल्या होत्या, आणि एकदा एरर दिलेलं मॉड्यूल पुन्हा एरर देण्याची शक्यता बरीच जास्त होती. एकच पत्ता पुन:पुन्हा येत असेल तर अंतराळातल्या किरणांना दोष देऊ नका.

रासडीमन, म्हणजे लिनक्सवर अशा एररची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम, चालू ठेवा आणि आठवड्याला सारांश पाहा. महिनोन्‌महिन्यांत एखादी एरर असेल तर नोंद करून सोडा. त्याच मॉड्यूलची एरर पुन्हा आली तर मशीन बंद करून त्याचा स्लॉट बदला. एरर मॉड्यूलबरोबर गेली तर मॉड्यूल बदला. जुन्या स्लॉटवरच राहिली तर स्लॉट, नाहीतर प्रोसेसर सॉकेटच्या पिना तपासा. बायोसमध्ये पॅट्रोल स्क्रब, म्हणजे सगळी मेमरी अधूनमधून आपोआप वाचून चुका दुरुस्त करणं, चालू असू द्या. क्वचित वाचल्या जाणाऱ्या जागेत पहिली चूक तशीच पडून राहिली आणि तिथेच दुसरी पडली, तर दुरुस्ती संपली.

एरर फक्त एप्रिल-मेच्या दुपारी येत असतील तर आधी खोलीचं तापमान मोजा. आपल्याकडे लाइट गेली की सर्व्हर इन्व्हर्टरवर चालतो आणि एसी बंद पडतो. बाहेर 42 अंश असताना अर्ध्या तासात खोली तापते. डीडीआर4 ला 85 अंशांच्या वर 64 मिलिसेकंदांऐवजी 32 मिलिसेकंदांत रिफ्रेश करावं (पेशींत चार्ज पुन्हा भरावा) लागतं, कारण पेशींतला चार्ज लवकर गळतो. सर्व्हरच्या तोंडाशी हवा 35 अंशांच्या आत ठेवा. जिनिंगजवळ मशीन असेल तर हंगामात कापसाची रुई जाळीत बसते, ती दर आठवड्याला काढा.

रॅमचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासणं बंद करा. सोन्याचा थर एक मायक्रॉनहून पातळ असतो, आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये अडकतो. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड पुरतं.

दुरुस्त न होणारी एरर येऊन मशीन थांबलं तर नुसतं रीस्टार्ट करून कामाला लागू नका. ते मॉड्यूल काढा, डेटाबेसची तपासणी चालवा, आणि आदल्या रात्रीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा.