गेममधला देव खरा की गावाची समजूत?

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या रोल-प्लेइंग गेमसाठी नवीन फँटसी जग बनवताय तर आधी वहीत एक ओळ लिहा, खरं काय आहे, आणि ती प्लेयर्सना दाखवू नका. समजा खाडीखाली जखमी नाग आहे म्हणून दर्या खवळतो. कोळीवाडा म्हणेल नारळ दिला नाही, वरची वाडी म्हणेल राखणदार चिडलाय. दोघांनाही थोडा थोडा पुरावा द्या. मग आपल्याकडे कौल लावतात तसा सीन घ्या, मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्यात, सगळे श्वास रोखून बसलेत, उजवी पडली, गुरव एक अर्थ सांगतो आणि मानकरी दुसराच. पाकळी पडली एवढंच खरं! क्लेरिकचे, म्हणजे गेममधल्या पुजारी पात्राचे, मंत्र चालतात म्हणून देव आहेच असंही नाही, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २००४ च्या एबेरॉन या जगात देव समोर येत नाहीत तरी मंत्र चालतात, मला हे फार आवडतं. आणि कुठल्याच वाडीला येडं दाखवू नका, प्लीज.