टॉन्सिलचं ऑपरेशन, स्टेरॉईड आणि घरची औषधं

नाशकात पंचवटी कारंज्याजवळ आमचं मेडिकल आहे. टॉन्सिल काढलेल्या लेकराचे आई-वडील बहुतेक तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतात. "ताई, दवाखान्यात स्टेरॉईड दिलं तेव्हा बरं होतं, तेच द्या." मी देत नाही. का, ते सांगते.

ते औषध डेक्सामेथासोन. मूल भुलीखाली असतानाच शिरेतून त्याचा एकच डोस देतात. त्यानं सूज आणि नंतरच्या उलट्या कमी होतात, दुखणं थोडं सुसह्य होतं, पोर लवकर खायला-प्यायला लागतं. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०११ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये हाच एक डोस सुचवलाय. म्हणून ऑपरेशनआधी डॉक्टरांना खुशाल विचारा, "डेक्सा देणार ना?" मुलाला डायबेटिस असेल किंवा दम्यासाठी, किडनीसाठी स्टेरॉईड चालू असेल, तर तेही सांगा.

डेक्साचा असर दीड-दोन दिवसांत ओसरतो आणि दुखणं डोकं वर काढतं. कानही ठणकतो, कारण घशाची नस कानापर्यंत जाते. घशात पांढरट थर दिसतो, तो पू नव्हे, जखम भरतेय. अशा वेळी भावंडाच्या दम्याचं उरलेलं प्रेडनिसोलोन सिरप पाजू नका, तेही स्टेरॉईडच. डॉक्टरांनी या मुलासाठी लिहून दिलं, तरच.

घरी खरा आधार पॅरासिटामॉलचा. मूल रडेपर्यंत थांबू नका, पहिले काही दिवस डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला द्याच. आणि बाटलीवरचा बारीक आकडा वाचा, हे मी प्रत्येकाला बोट ठेवून दाखवते. एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम असतं, दुसरीत २५०. रंग तोच, चव तीच. एका वेळचा डोस साधारण किलोमागे १५ मिलिग्रॅम. म्हणजे १६ किलोच्या पोराला २४० मिलिग्रॅम. पहिल्या बाटलीतून ते १० मिली होतं, दुसरीतून पाच मिलीला थोडं कमी. बाटली बदलली आणि माप तेच ठेवलं, तर डोस एकतर दुप्पट होतो किंवा निम्मा. घरातला चमचा नको, सोबतचं मापाचं झाकण वापरा. दोन डोसांत सहा तास जाऊ द्या.

आयबुप्रोफेन हे दुखण्याचं दुसरं औषधही डॉक्टर लिहून देतात, पण काही सिरपांत ते आणि पॅरासिटामॉल एकत्रच असतं. त्यावर वेगळं पॅरासिटामॉल दिलं, की डोस डबल झाला. ॲस्पिरिन अजिबात नाही. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची कडक औषधं असलेलं काहीही नाही. काही मुलांच्या शरीरात त्याचं झपाट्यानं आणखी कडक रूपात रूपांतर होऊन श्वास मंदावतो.

घोट घोट पाणी, गार दूध, कोमट नागलीचं सत्त्व, मऊ भात द्या. घसा कोरडा पडला की दुखणं वाढतं. मिसळ, चिवडा, आंबट द्राक्षं सध्या राहू द्या. लघवी फारच कमी झाली तर दवाखाना गाठा.

पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली सुटते, तेव्हा रक्त येऊ शकतं. थुंकीत लाल रक्त दिसलं किंवा मूल झोपेत सारखं गिळत असेल, तर औषध शोधत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा किंवा १०८ ला फोन करा. पेठ-सुरगाण्यासारख्या लांबच्या तालुक्यांतल्यांनी जमलं तर हे दिवस नाशकातल्याच नातेवाइकांकडे काढावेत.