वेळापत्रक कोलमडतं कुठे? या चुका टाळा

नोकरी, घर आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातला आमचा गोतावळा सांभाळत मी चाळिशीनंतर गाण्यातल्या विशारद परीक्षेची तयारी केली. पहिल्या वर्षी फॉर्म भरूनही परीक्षेला बसता आलं नाही. दुसऱ्या वर्षी बसले आणि पासही झाले. मेहनत दोन्ही वर्षी जवळपास सारखीच होती. मधल्या काळात वेळापत्रकातल्या चुका सापडल्या, एवढाच फरक. तुमचं ध्येय स्पर्धा परीक्षेचं असेल किंवा अर्धवट राहिलेल्या प्रबंधाचं, यातल्या बऱ्याच चुका तुमच्याही वहीत सापडतील.

बिनसणांच्या वर्षाचं वेळापत्रक आखणं

सगळ्यात महागात पडली ती ही चूक. परीक्षा दिवाळीनंतर होती. मी जुलैत बसून रोज पहाटे पाच ते सहा रियाज, रात्री एक तास लेखीची तयारी असं आखलं. कागदावर ११० दिवस दिसत होते. त्यात गणपती होते, घरातली पक्षाची तिथी होती आणि नवरात्र होतं. बडोद्यात राहून नवरात्राच्या नऊ रात्री नेहमीसारख्या धरणं म्हणजे आपल्या गावालाच न ओळखणं. घरातलं कुणी गरब्याला गेलं नाही तरी मैदानावरचा आवाज मध्यरात्रीपर्यंत कानावर येतो. मग पहाटे पाचला कोण उठणार? दोन दिवस चुकले की मन खट्टू होतं आणि तिसऱ्या दिवशी तंबोऱ्याची गवसणी निघतच नाही.

दुसऱ्या वर्षी आधी कॅलेंडर उतरवलं आणि लाल पेनाने काट मारत गेले. सण, घरची कार्यं, मुलाच्या सहामाहीचा आठवडा, ऑफिसातले महिनाअखेरीचे दिवस. शिवाय पावसाळ्यासाठी चार दिवस राखीव. (२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा किती घरांचे दिवस नुसत्या साफसफाईत गेले ते आपण पाहिलंय.) ११० पैकी ७१ उरले. आकडा पाहून पोटात गोळा आला, पण खरे दिवस तेवढेच होते. मग अभ्यास त्या ७१ दिवसांत बसवला. नवरात्रात पहाटेचा रियाज ठेवलाच नाही. जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं तालांची दुगुण-चौगुण, म्हणजे दुप्पट-चौपट लय, लिहिण्याचा सराव केला, बस्स.

उत्तरायणाचंही तसंच. १४ आणि १५ जानेवारीला अख्खं शहर गच्चीवर असतं. त्या दोन दिवसांत अभ्यास धरू नका, आणि झाला नाही म्हणून हळहळूही नका.

कामाचा अंदाज मनाच्या उत्साहावर बांधणं

एका रागातला बडा ख्याल आलाप-तानांसह बसायला मी आठवडा धरला होता. लागले सतरा दिवस. ही माणसाची जुनी खोड आहे. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये तिच्यावर लिहिलं. १९९४ च्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो कधी पूर्ण होईल असं विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा निघाला, प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर.

यावर एकच इलाज मला लागू पडला: ‘किती वेळ लागेल’ असं मनाला विचारायचं नाही, ‘मागच्या वेळी किती लागला’ ते वहीत बघायचं. वहीत नोंदच नसेल तर अंदाजाच्या दीडपट धरा.

‘वेळ मिळेल तेव्हा’

तो मिळत नाही. ‘संध्याकाळी रियाज’ हेही पुरेसं नाही, कारण संध्याकाळ म्हणजे पाच ते दहा काहीही. कामाला रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीची गाठ मारा. मी ऑफिसातून येताना सूरसागर तलावासमोरच्या संगीत महाविद्यालयावरून जाते. सयाजीरावांच्या काळात, १८८६ मध्ये, मौलाबक्षांनी गायनशाळा सुरू केली, तिचीच ही परंपरा. मी ठरवलं: ती इमारत दिसली की फोन बंद, आणि घरी पाय धुतले की थेट तंबोरा. चहा नंतर.

दुसऱ्याची पद्धत जशीच्या तशी उचलणं

२५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती ही पोमोडोरो पद्धत पुष्कळांना जमते. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाने टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून ती बसवली. लेखीच्या अभ्यासाला ती छान चालली. रियाजाला मात्र नाही, कारण तंबोरा लावण्यातच दहा मिनिटं जातात आणि आवाज जरा लागतो तोच घंटा वाजते. रियाजासाठी सलग पाऊण तास हवा. ज्या कामाला बैठक लागते त्याचे तुकडे करू नका.

एक दिवस चुकला की सगळं सोडून देणं

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर सवयींचा अभ्यास झाला. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ पर्यंत गेला. मधला आकडा ६६. त्यातलं मला धीर देणारं निरीक्षण असं की एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. चुकलेला तास दुसऱ्या दिवशी भरून काढायच्या भरीस पडू नका. दोन तासांचं ओझं बघून तोही दिवस जातो. दुसऱ्या दिवशी रोजचाच तास करा.

घरच्यांना न सांगणं

पहिल्या वर्षी मी कुणाला काही बोलले नव्हते, मग सगळे हाका मारायचे यात नवल नव्हतं. दुसऱ्या वर्षी स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर सांगितलं: साडेसहा ते सव्वासात मी नाही. पहिला आठवडा जड गेला. मग एकदा आलाप चालू असताना बाहेर फोन वाजला आणि सासूबाईंचा आवाज आला, ‘‘ती गायला बसली आहे, वन्सं. सव्वासातनंतर करा.’’